लीनाचं सोवळं

"तो शर्ट बादलीत टाकू नका!"

कालिंदी मोरीच्या दारातून ओरडली आणि तिने सासूबाईंच्या हातातला दिगंबरचा खाकी शर्ट चक्क हिसकावून घेतला. सासूबाई बघतच राहिल्या. कलकत्त्यात भवानीपूरच्या या दोन खोल्यांत सून आजवर वर मान करून बोलली नव्हती.

"अगं, तुझ्या नवऱ्याचाच आहे ना तो? असा विटाळ कसला मानतेस?"

"त्यांचाच आहे. पण लीनाच्या झबल्यांबरोबर तो यापुढे भिजणार नाही."

दिगंबर बजबजच्या धान्यगोदामांत किडे मारायची पावडर फवारून घेई. घरी येई तो अंगाला कुबट वास घेऊनच. वर्षाच्या लीनाच्या अंगावर पुरळ उठलं होतं, पोर रात्रंदिवस किरकिरत होती. डॉक्टरांनी कलकत्त्याच्या घामावर खापर फोडलं आणि कालिंदीलाही ते पटलं होतं. पण आज धुतलेल्या झबल्याची घडी घालताना तिच्या नाकाला तोच वास आला. लीना काय गोदामात जात होती?

"आमची सगळ्यांची लुगडी-धोतरं एकाच बादलीत भिजली," सासूबाई म्हणाल्या. "कुणी मेलं नाही."

"तेव्हा ही पावडर नव्हती. आणि तुमचं सोवळ्याचं लुगडं तुम्ही मला शिवू देत नाही, मी कधी का म्हणून विचारलं? आजपासून लीनाचे कपडे सोवळ्यातले. तुमच्या मुलाचा शर्ट त्यांना शिवणार नाही."

"हिला कलकत्त्याचं पाणी लागलं," म्हणत सासूबाई आत गेल्या.

संध्याकाळी दिगंबर आला आणि ऐकताच तडकला.

"साहेब स्वतः सांगतात, माणसाला काही होत नाही म्हणून! मी दिवसभर त्यात राबतो, ते कुणासाठी? आणि माझेच कपडे वाळीत टाकतेस?"

त्याचं खोटं नव्हतं, तो घरासाठीच मरत होता. पण कालिंदी मागे हटली नाही. तिने त्याला हाताला धरून फडताळाजवळ नेलं. दुपारीच तिने तिथे मुंग्यांच्या रांगेत लीनाचं एक झबलं पसरून ठेवलं होतं.

"अहो, हे तुमच्या शर्टाबरोबर फक्त धुतलं गेलंय. आता तुमची पावडर काम करते की नाही, ते तुम्हीच सांगा."

दिगंबर उकिडवा बसला. झबल्यावर मुंग्या उलट्या पडल्या होत्या, काही अजून पाय झाडत होत्या. रोज गोदामात हेच बघून तो साहेबांना 'काम फत्ते' म्हणून सांगत असे. त्याचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आतून लीना रांगत आली. बाप दिसताच ती हसली आणि त्याच्या विजारीला धरून उभी राहायला झेपावली. आजच्या दिवस घ्या तिला, असं कालिंदीच्या अगदी ओठांवर आलं. ते तिने गिळलं.

दिगंबर झटकन उठला. दोन्ही हात पाठीमागे घेऊन तो भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला.

"आंघोळीचं पाणी काढ," तो म्हणाला.

लीना हात वर करून रडत राहिली.