रिकाम्या पोटी

ताईच्या घरात दारू होती, पण दारू हा शब्द नव्हता. धाकटा भाऊ ‘घेत’ असे, शेजारच्या बटणवाल्याबरोबर ‘बसत’ असे आणि जास्त झाली की सकाळी त्याला ‘बरं नसे’. भाऊ शिवणकाम करायचा, गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणत. ताईचा नवरा गेल्यापासून दोघं एकत्रच राहत आणि ती त्याच्या दुकानात काजं करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं चाललं होतं.

मशीनवर वाकून वाकून मास्तरची कंबर धरली, पोटात जळजळ सुरू झाली. ताई त्याला पोटाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी त्याने टेबलावर ठेवलेलं कंबरदुखीच्या गोळ्यांचं पाकीट उचलून विचारलं, रोज घेता का? मास्तरचं लक्ष पाकिटाकडे नव्हतंच. चोराच्या मनात चांदणं. मान खाली घालून तो हो म्हणाला.

“कमी करा,” बाई म्हणाल्या, “आणि रिकाम्या पोटी तर मुळीच घेऊ नका.”

ताईला बाई फार आवडल्या. किती समजूतदार, चारचौघांत शब्दसुद्धा काढला नाही!

त्या दिवसापासून ताईने कंबर कसली. दिवेलागणीच्या आधी ताट तयार. “आधी जेवून घे, मग काय ते घे,” असं ती बजावायची. मास्तरही आज्ञाधारक, पोटभर जेवून बसायला जायचा. डॉक्टरांचा सल्ला इतका मनापासून पाळणारा रोगी शोधून सापडला नसता. पुढे तो स्वतःच्याच पँटची कंबर उसवून सैल करू लागला, तेव्हा ताई सुखावली. म्हणाली, माझ्या हातचं अंगी लागतंय हो.

हातपाय मात्र काटक्यांसारखे झाले होते. मग पावलं सुजली, डोळे पिवळे झाले आणि पुन्हा डॉक्टरबाईंकडे जावं लागलं.

बाईंनी पोट दाबून पाहिलं. आत पाणी भरलं होतं. दारू किती पिता, त्यांनी सरळ विचारलं. कधीमधी, मास्तर पुटपुटला. ताईला राहवलं नाही.

“रोज घेतो. पण रिकाम्या पोटी नाही हो, तुम्ही सांगितलं होतंत ना.”

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“मी गोळ्यांचं म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “दारूचं तेव्हाच विचारायला हवं होतं, ते माझं चुकलं. आता नीट ऐका. एक थेंबही नाही. भरल्या पोटीही नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. लिव्हर बरंच खराब झालंय, पण आज थांबलात तर ते सावरू शकतं. नाहीतर मला काही करता येणार नाही.”

मास्तर म्हणाला, आजपासून बंद, घरीच सोडतो. बाईंनी तेही मोडून काढलं. रोजची दारू एकदम सोडली तर झटके येतात, जिवावर बेततं, तेव्हा आधी दाखल व्हायचं. ताई हो म्हणायला तोंड उघडत होती, तोच बाईंनी तिला हाताने थांबवलं. उत्तर त्यांनाच देऊ द्या, म्हणाल्या. मास्तरने आपल्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं आणि दाखल होतो म्हणाला.

बाहेर बाकावर ताई रडली. दुःखापेक्षा स्वतःचा संताप जास्त होता. मग पदराने तोंड पुसून ती भावाला म्हणाली, “मी तुला दारू पाजली नाही, पण तिच्यासाठी ताट वाढत राहिले. यापुढे नाही.”

मास्तर घरी आला तो अर्धा होऊन. पोट उतरलं, पँटची कंबर पुन्हा आत घ्यावी लागली. ताईने जेवणाची वेळ पूर्वीसारखी उशिराची केली.

एका संध्याकाळी बटणवाला दारात उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, त्यालाही एकटं बसवत नव्हतं.

“काय मास्तर, बसायचं का?”

ताईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं आणि हातातल्या काजात सुई तशीच धरून ठेवली. मास्तरने मशीन थांबवलं. समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, एक गिऱ्हाईक पायरीवर उभं होतं.

“मी दारू सोडली,” तो म्हणाला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. “चहा घेणार असशील तर बस.”

बटणवाला थोडा घुटमळला, मग चप्पल काढून आत आला. ताई चहा ठेवायला उठली.