तिथलं मशीन

डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. एक सकाळची, एक रात्रीची. मागच्या महिन्यात बाबांनी त्यांची अदलाबदल केली आणि दोन दिवस डोळे चोळत बसले. तेव्हापासून दादाने एकच धोशा लावला होता: बाबांजवळ राहणारी धाकटी बहीण तीन महिने कामासाठी परगावी गेली की बाबांनी माझ्याकडे यायचं. बाबांना आपली खोली सोडायची नव्हती, आणि थेंबांची सोय लागल्याशिवाय धाकटीचा पाय निघणार नव्हता. धाकटीची गाडी चारला होती, आणि आता साडेबारा वाजले होते.

तिने तोडगा काढला होता. बाबांनी बाटलीचा फोटो काढायचा, तो क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या संगणकावरच्या, एका छोट्या पायथन प्रोग्रामकडे, फंक्शनकडे, जायचा आणि बाटली कुठली ते फोनने मोठ्याने सांगायचं. असलं फंक्शन बोलावलं की येतं, काम झालं की जातं. त्याला ना घर ना दार. म्हणून लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, एका झिप फाइलमध्ये बांधून सोबत द्याव्या लागतात. तशा तिने दिल्या होत्या. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाले, क्लाउडवर मात्र फोटो वाचणारी लायब्ररी उघडायलाच तयार नाही. "इथे चालतं, तिथे का नाही?" असं ती सकाळपासून पुटपुटत होती.

तिसऱ्यांदा तीच तक्रार पडद्यावर आली तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

बाबांनी पस्तीस वर्षं कारखान्यातली यंत्रं परदेशी पाठवायला पेट्यांत बांधली होती. ते खुर्ची ओढून जवळ बसले.

"घरी चालून काय उपयोग? तिथली वीज कशी, प्लग कसा, हे बघून आम्ही मोटर बसवायचो. तिथलं मशीन कसलं आहे?"

तिच्या एकदम लक्षात आलं. तिथलं मशीन लिनक्सचं, तिचा लॅपटॉप वेगळ्या जातीचा, आणि लायब्रऱ्या तिने लॅपटॉपवरच्याच उचलून भरल्या होत्या. असल्या चुकीसाठी ऑफिसात ती नवख्यांचे कान उपटायची. तिने लिनक्ससाठी तयार केलेल्या प्रती उतरवून घेतल्या. झिप मर्यादेबाहेर फुगली, तेव्हा आतल्या बिनकामाच्या फायली उपसून काढल्या आणि ती पुन्हा चढवली.

बाबांनी एक बाटली डोळ्यांसमोर धरून फोटो काढला.

"रात्रीचे थेंब," फोन म्हणाला.

दुसरी धरली. "सकाळचे थेंब."

बाबांनी लगेच दादाला फोन लावून येत नसल्याचं कळवून टाकलं. मग लेकीकडे वळले.

"हे तुझं रोजचं काम ना गं?"

"हो."

"मग ही नुसती चूक वाटत नाही. माल पाठवायचाच नसला की माणूस असा बांधतो."

तिला रडू आलं. "मला जायचंच नाहीये, बाबा," ती म्हणाली, आणि हे तिला स्वतःलाही तेव्हाच कळलं.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू जावंस असं मला तरी कुठे वाटतं? तिथलं मशीन कसलं, हे सकाळीच विचारता आलं असतं मला."