अकरा महिन्यांचे आकडे

वाटाण्याची शेंग हातात तशीच धरून त्याने लॅपटॉपकडे पाहिलं. मुलीने टेबलावरची टोपली बाजूला सारून लॅपटॉप त्याच्यासमोर वळवला होता. विद्यापीठाच्या डेटा सायन्स स्पर्धेत तिची टीम अंतिम फेरीतल्या पाचांत आली होती. उद्या सकाळी सादरीकरण होतं. पाणीखात्याने आपल्या मीटरच्या तीन वर्षांच्या नोंदी स्पर्धेला दिल्या होत्या, नावं तेवढी काढून टाकून.

तो त्याच खात्यात सव्वीस वर्षं मीटर रीडर होता.

"बाबा, मीटरच्या आकड्यात शेवटी काहीही येऊ शकतं. दहात एकदा तरी शून्य येणारच. पण या एका भागात अकरा महिने शून्य जवळजवळ नाहीच. तीन आणि सात मात्र हवे तेवढे."

"मग?"

"मग काय, मनाने लिहिलेत. मनाने लिहिणारा शून्य टाळतो, त्याला ते खोटं वाटतं. चश्मिश म्हणतो, या गृहस्थाला शून्याचं वावडं आहे."

चश्मिश तिच्या टीममधला मुलगा. त्याच्या विनोदांवर एरवी दोघं मिळून हसत.

त्याने शेंग सोलली. दाणे जमिनीवर घरंगळले.

"कुठले महिने?"

"आईचं दुखणं कळलं त्या जूनपासून. ती गेली त्या एप्रिलपर्यंत."



"तिच्यासाठीच केलं मी," तो म्हणाला. "तिला तसं टाकून दारोदार हिंडवत नव्हतं."

"मलाही आधी तेच वाटलं. टीमला म्हटलं, ही स्लाइड काढू. चांगली भांडले त्यांच्याशी." तिने लॅपटॉप मिटला. "मग बसमधून येताना आठवलं. त्या वर्षी कॉलेज सोडून घरी मी होते, बाबा. तुम्ही रोज नऊला पिशवी खांद्याला लावून निघायचात. सहाला यायचात."

तो खाली वाकून दाणे गोळा करू लागला.

"आई दिवसभर विचारायची, आले का गं? मी सांगायचे, त्यांचा भाग मोठा आहे, चालून चालून पायांचे तुकडे पडतात त्यांच्या. शेवटच्या दिवशीसुद्धा हेच सांगितलं तिला." ती थांबली. "कुठे होतात?"

पाण्याच्या टाकीमागे बाग होती. तिथल्या बाकावर बसून त्याने अकरा महिने मीटरची वही भरली होती. घरात बायकोचं कण्हणं भिंतीतून ऐकू यायचं. बाकावर येत नव्हतं. कारण एवढंच होतं, आणि ते तोंडातून निघेना.

"राहू दे," ती उठत म्हणाली. "उरलेत तेवढे सोला."

दुसऱ्या दिवशी तो सभागृहात मागच्या रांगेत बसला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "ती निळ्या शर्टातली तुमची का? हुशार दिसते हो." त्याने मान हलवली.

मुलीने ती स्लाइड दाखवली. तिचा आवाज चढला नाही, अडखळलाही नाही. परीक्षकांत पाणीखात्याचे मोठे साहेब होते. ते पुढे झुकले.

"हा भाग कुणाचा, ते आम्ही काढूच. पण अकरा महिने हा पठ्ठ्या होता तरी कुठे?"

हशा पिकला. मुलीने मागच्या रांगेकडे पाहिलं.

"ते आमच्याकडच्या आकड्यांत नाही, सर."

तो उभा राहिला. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून त्याने घसा साफ केला. 'मी' हा शब्द ओठांवर आला होता. शेजारच्या बाईंना वाटलं, बापाचा ऊर भरून आलाय. त्याही उठल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग पुढची रांग उठली, मग सगळेच.

मुलगी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहत नव्हती. ती त्याच्याच तोंडाकडे पाहत होती, वाट बघत.

त्याने खुर्ची सोडली आणि टाळ्या वाजवल्या.