डाव्या दारातली फरफर

धम्मदीपने तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि व्हॅनच्या डाव्या दाराला कान लावला.

“आता तर साफ वाजून राहिलं, काकाजी.”

“आता वाजते. घरून, वलगावहून येताना फरफरत होतं. गाणं म्हणणारा जसा काही तोंडात पन्नी धरून म्हणून राहिला.”

बोलताना किसनरावांनी मान वळवून घेतली होती. धम्मदीपच्या तोंडाचा वास दोन हातांवरून येत होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचं, दिवसभर गालात धरायचं आणि दिसेल तिथे थुंकायचं. अमरावतीत दर दुसऱ्या माणसाचं हेच. दुकानासमोरच्या नालीचा काठ तपकिरी झाला होता. थुंकीवर थुंकी वाळून तिथे खपली धरली होती आणि त्या खपलीवर एक माशी पाय घासत बसली होती. किसनरावांनी नाकाला रुमाल लावला.

“हात लावाच्या आधी चूळ भरून ये,” ते म्हणाले. “ते तोंड घेऊन माह्या गाडीत बसू नको.”

“स्पीकर कानानं तपासतात, काकाजी.”

“माहीत हाये मले. तरी भरून ये.”

धम्मदीप हसला. तिशी उलटलेला माणूस, गाड्यांचे टेप आणि स्पीकर बसवण्याचं छोटं दुकान. असल्या म्हाताऱ्यांची त्याला सवय असावी. त्याने पिंपातलं पाणी घेऊन दोनदा चूळ भरली, हात पँटला पुसले आणि गाडीत बसला.

गाडी आज संध्याकाळपर्यंत अकोल्याला पोचवायची होती. तिथे किसनरावांची मुलगी रागिणी दिलेली; गाडी आता तिच्या घरी द्यायची होती. बारा वर्षं याच गाडीतून शेवंती, झेंडू आणि निशिगंध बाजारात गेला. बायको, गंगूबाई, होती तोवर हार आणि गजरे घरचेच होत. तिला जाऊन वर्ष झालं. आता हार करायला कोणी नव्हतं आणि एकट्याने पहाटे गाडी काढायला मन घेत नव्हतं. रागिणी फोनवर भावासाठी म्हणाली होती, दादाला द्या, त्याच्या कामाला येईल. किसनरावांनी तिला पुढे बोलू दिलं नव्हतं. त्या थुंकणाऱ्याला मी या गाडीचं टायरही देणार नाही, असं ते म्हणाले होते. जावई न्यायला येतो म्हणाले, तर तेही नको. आपण नेऊन द्यायची आणि द्यायची तर धड द्यायची. म्हणून आधी इथे.

धम्मदीपने आवाज नुसता उजवीकडे फिरवला, मग नुसता डावीकडे. “तार ढिली असंन,” म्हणत त्याने टेप बाहेर ओढला आणि मागच्या तारा उलटसुलट केल्या, उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे. मग गाडी सुरू करून समोरच्या खड्ड्यातून दोनदा पुढेमागे नेली. फरफर आली नाही.

“लाजून राहिला,” तो म्हणाला. “तुमच्यासंग एकटा असला की बोलते. माह्यापुढं चूप.”

उन्हाने गाडी तापली होती. त्याने पलीकडे वाकून डाव्या दाराचं हँडल फिरवलं आणि काच खाली घेतली. गाणं फरफरायला लागलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धम्मदीपने काच वर केली. गाणं साफ. खाली घेतली. फरफर.

“घ्या. इकडची काच कोण खाली ठेवते?”

“मीच ठेवतो. गाडीत वास येते कधीकधी.”

“कायचा वास?”

“मघा तुह्या तोंडाचा येत होता, तोच.”

धम्मदीपने ते मनावर घेतलं नाही. तो आता कामात शिरला होता. तारा बदलूनही बिघाड डावीकडेच राहिला, म्हणजे टेप चांगला. त्याने दाराच्या आतल्या बाजूचं कव्हर सोडवलं, स्पीकरचे चार स्क्रू काढले आणि स्पीकर हातात धरून वाजवला. हातात तो स्वच्छ वाजत होता, काच वर असो की खाली.

“स्पीकर बी निरोगी हाये. दारातच काही असंन.”

त्याने बाही वर सारली आणि स्पीकरच्या भोकातून हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. मग चेहरा आवळून त्याने हात बाहेर काढला, आणि त्याबरोबर वास बाहेर आला.

ओल्या पन्नीच्या बोटभर पुड्या होत्या. काही चिकटून एकच गोळा झाल्या होत्या. काचेवरून ओघळलेलं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्यावर झिरपलं होतं. काहींवर पांढरी बुरशी होती, काहींतून तपकिरी रस गळत होता आणि तो धम्मदीपच्या मनगटावरून खाली येत होता. त्याने हात पुन्हा घातला. पुन्हा मूठभर. स्क्रू ठेवायचं ताट भरलं.

“अरे बाप्पा,” खर्रा खाणारा धम्मदीपही म्हणाला. “हे खर्ऱ्याच्या पन्न्या होत, काकाजी. काच खाली आली की हा सारा ढीग स्पीकरच्या पाठीवर दाबला जाये. फरफरंन नाही तं काय करंन?”

किसनराव नालीकडे गेले आणि ओणवे झाले. पोटात काही नव्हतं. नुसतं कडू पाणी पडलं. रुमालाने तोंड पुसून ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घृणेबरोबर थोडं समाधानही होतं.

“पाह्य. मी म्हणतच होतो. माह्या पोराची करणी हाये हे.”

“तुमचा पोरगा खाते काय?”

“नितेश. संध्याकाळी गाडी त्याच्याजवळ राहे. सकाळी बसलो की वास. मी इचारलं तं मान खाली. कानफटात देली त्याच्या, भर आंगणात, त्याच्या बायकोसमोर. म्हटलं, हे घाण खाणारा माह्या घरात नको. गेला मंग बडनेऱ्याले राहाले.”

हे सांगताना त्यांना ते अंगण दिसलं. नितेशने गालाला हातही लावला नव्हता. प्रणाली, त्याची बायको, रडत होती. आणि गंगूबाई फुलांची टोपली कमरेवर घेऊन दारात उभी होती. ती काहीच बोलली नव्हती. आई असून बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं, असं किसनराव तेव्हा समजले होते.

धम्मदीप चिंधीने हात पुसत होता.

“पोरगा गाडी चालवे ना?”

“मंग काय.”

“मंग या फटीत त्याचा हात कसा येईन?” त्याने काच जिथून वर येते त्या रबराच्या फटीवर बोट ठेवलं. “इथून टाकले हे. या बाजूनं बसणाऱ्यानं. लोकायले वाटते, इथून टाकलं की खाली सडकेवर पडते. पडत नाही. दारातच राह्यते. एसटीत खिडकीच्या फटीत तिकीट खोचत नाही काय लोक, तसं.”

किसनराव वाकून त्या फटीत पाहू लागले.

गंगूबाईचं माहेर अकोटचं. लग्नानंतरची पंधरा वर्षं ती एसटीनेच जाई. उतरायच्या आधी तिकिटाची बारीक घडी करून खिडकीच्या फटीत सरकवायची तिची सवय होती. गाडीत कचरा करू नये म्हणे.

त्यांनी ताटाजवळ तोंड नेलं. वास नाकात गेला तरी मागे झाले नाहीत. कोरड्या राहिलेल्या एका पुडीकडे ते पाहत होते. ती नुसती चुरगळून टाकलेली नव्हती. पन्नीची चौपट घडी होती आणि तिला पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे देऊन गाठ मारलेली होती. दुसरीलाही तशीच. त्या चिकट गोळ्यातूनही दोऱ्याची टोकं बाहेर आलेली होती.

खर्ऱ्याला कोणी असा दोरा बांधत नाही. रबर लावतात नाहीतर पन्नी पिळतात. हा गजऱ्याचा दोरा होता. दोन वेढे, खालून वर, आणि टोक दाताने तोडलेलं. ही गाठ घरात एकीलाच येत होती. रागिणी शिकली, पण तिचा एक वेढा कमी पडे. नितेशला लहानपणी बसवलं होतं शिकायला. त्याचे हार दुपारपर्यंत सुटून फुलं गळत आणि त्याची माय त्याला कपाळावर टिचकी मारून उठवून लावी.

रोज पहाटे किसनराव बाजारात फुलांचा भाव करायला उतरत. ती गाडीतच, डाव्या सीटवर, मांडीवर शेवंती घेऊन हार करत बसे. तासभर. ते परत येत तेव्हा गाडीत फुलांचा वास असे आणि ती बडीशेप चावत असे. पानठेल्यावर ती उभी राहिली नसती. कोणीतरी आणून देत असणार. कोण, ते विचारायची गरज नव्हती; संध्याकाळी गाडी नितेशजवळ राहत असे.

तिच्या शेवटच्या आजारात अकोल्याच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात बॅटरी धरली होती. गालाच्या आतल्या जखमेकडे पाहत त्यांनी विचारलं, तंबाखू, खर्रा, गुटखा, काही खातात का? तिचं तोंड उघडं होतं. उत्तर किसनरावांनी दिलं. नाही साहेब, आमच्या घरात त्या घाणीला कोणी हात लावत नाही. एक होता, त्याला काढून दिलं. डॉक्टरांनी बॅटरी बंद करून तिला पुन्हा विचारलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. किती दिवसांपासून आहे हे? पंधरा दिवस, ती म्हणाली. नंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पंधरा दिवसांचं नाही हे, वर्षाचं असेल, लपवलं कशासाठी? किसनराव त्यांच्यावरच चिडले होते.

“फेकून देऊ ना हे?” धम्मदीपने ताट उचललं.

“फेक.” मग ते म्हणाले, “थांब.”

बुरशी न लागलेली ती कोरडी पुडी त्यांनी बोटांनी उचलली. धम्मदीपने कागद पुढे केला होता. तो त्यांनी घेतला नाही. बोटांना चिकट, तेलकट लागलं. त्यांचे ओठ वाकडे झाले, पण पुडी सोडली नाही. ती रुमालात बांधून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

धम्मदीप पाहत होता. मग त्याने दार आतून फडक्याने पुसलं, स्पीकर बसवला, काच वर-खाली करून दाखवली. आवाज साफ होता.

“काकाजी, माह्या तोंडाचं मनावर घेऊ नका.”

“तुह्या तोंडाचं काही नाही, बाबू,” किसनराव म्हणाले.

अकोल्याचा रस्ता बडनेऱ्यावरून जातो. उड्डाणपूल उतरल्यावर त्यांनी गाडी डावीकडे घेतली. नितेशची खोली त्यांनी एकदाच, तीही बाहेरून पाहिली होती. घराखाली गाडी उभी करून त्यांनी फोन लावला.

“खाली ये.”

नितेश पायात चप्पल सरकवत आला. रेल्वेच्या ठेकेदाराकडे कामाला होता. कपड्यांवर ग्रीसचे डाग होते. तो दोन पावलं दूर थांबला. बापाजवळ उभं राहताना एवढं अंतर ठेवायचं त्याला अंगवळणी पडलं होतं.

“काहून, बाबा? तब्येत बरी हाये ना?”

“हाये.”

“वर चला. प्रणाली च्याचं आधण ठेवते.”

“नको.”

किसनरावांनी खिशातून रुमाल काढला आणि गाडीच्या बॉनेटवर उघडला. नितेश वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता.

“कुठी सापडली?”

“दारात. डाव्या.”

नितेशने रस्त्याकडे पाहिलं. एक रिक्षा गेली.

“माहीच हाये ते, बाबा.”

“तुहीच?”

“हो.”

“गाठ बी तूच मारली?”

“हो. मीच मारली.”

किसनराव त्याच्याकडे पाहत राहिले. ज्या गालावर मारलं होतं तो गाल, ते तोंड. दात स्वच्छ होते. तेव्हाही असतील. त्या दिवशी त्यांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं नव्हतं. वास आला, तेवढं पुरलं होतं. आपल्या तोंडाची चव त्यांना नकोशी झाली.

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली. किल्ली नितेशच्या हातात दिली. मग गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले. बारा वर्षांत ते या बाजूला कधी बसले नव्हते. सीट मध्ये दबलेली होती, त्यांच्या मापापेक्षा लहान जागेत.

“चालव.”

“अकोल्याले?”

“वलगावले. रागिणीले सांग, गाडी येत नाही म्हणून.”

नितेश बसला. आरसा नीट केला, गाडी सुरू केली. टेप आपोआप लागला. त्याने तो बंद केला. गाडी रस्त्याला लागली. ऊन डावीकडून होतं आणि दार तापल्यावर आतला वास पुन्हा यायला लागला, पुसूनही न गेलेला.

नितेशने बापाकडे पाहिलं. किसनरावांचा जबडा घट्ट मिटलेला होता, जीव कासावीस झाल्यावर मिटतो तसा. त्यांची बोटं काचेच्या फटीवर होती.

“काच खाली घ्या ना, बाबा. वास येते.”

“येऊ दे,” किसनराव म्हणाले.