पँटेनॉसची पाटी

जगन्नाथरावांच्या कोटाच्या खिशात दोन कागद होते. एकावर अथेन्समधल्या पँटेनॉसच्या ग्रंथालयावरचं भाषण. दुसऱ्यावर गावातल्या मराठी मंडळाला विनंती. अमेरिकेतल्या डब्लिनमधलं घर विकलं गेलं होतं आणि महिनाअखेरीस त्यांना मुलीकडे, इलाकडे, दूर फ्रीमाँटला जायचं होतं. लेकीच्या टाउनहाउसमध्ये एका कपाटापुरतीच जागा. तेव्हा बेसमेंटमधली नऊशे मराठी पुस्तकं मंडळाने एकत्र, कुलपात सांभाळावीत, अशी ती विनंती होती. नाहीतर ती रद्दीत जातील, एवढं एक वाक्य मात्र त्यांच्या हातून लिहवलं नव्हतं.

"काका, पंधरा मिनिटं हं," मंडळाची सेक्रेटरी अहिल्या माइक देत म्हणाली. "मसालेभात गार होतोय."

आपलं ऐकायला कोणी आलेलं नाही, सगळे जेवायला आलेत, हे जगन्नाथरावांना ठाऊक होतं. त्यांनी कागदावरून नजर न उचलता वाचायला सुरुवात केली. एकोणीसशे वर्षांपूर्वी पँटेनॉस नावाच्या माणसाने स्वखर्चाने ग्रंथालय बांधलं, पुस्तकांसकट. ते अथेना देवीला, रोमच्या बादशहाला आणि गावातल्या लोकांना अर्पण केलं. पुढे दीड-पावणेदोनशे वर्षांनी शहरावर हल्ला झाला, इमारत पडली, तिचे दगड नव्या तटबंदीत गेले. एकोणीसशे तीसच्या दशकात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांना खोदकामात एक कोरलेला दगड मिळाला.

"त्यावर लिहिलंय, पुस्तक बाहेर नेलं जाणार नाही, कारण आम्ही तशी शपथ घेतली आहे. ग्रंथालय पहिल्या तासापासून सहाव्या तासापर्यंत, म्हणजे उजाडल्यापासून दुपारपर्यंत, उघडं राहील."

"अरे, ही तर काकांच्या बेसमेंटमधली पाटी!" मागून यतीन ओरडला. हॉलमध्ये हशा पिकला.

जगन्नाथरावांचे कान लाल झाले. खोटं नव्हतं ते. वीस वर्षांपूर्वी पत्नीबरोबर अथेन्सला गेले असताना त्यांनी तो दगड पाहिला होता. लोकांनी नेलेली पुस्तकं परत येत नाहीत याने तेव्हा ते वैतागले होते. परतल्यावर तसाच नियम मराठीत लिहून त्यांनी जिन्याजवळ लावला. आधी लोक येऊन वाचत बसायचे. मग तेही थांबलं. बर्फात एवढं ड्राइव्ह कोण करणार!

"काका, तुमच्याकडे अर्धी कादंबरी वाचली होती मी," यतीन म्हणाला. "आठ वर्षं झाली. खून कोणी केला, अजून माहीत नाही यार!"

"गप रे," त्याची बायको रुचा म्हणाली. मग तिनेच विचारलं, "पण काका, त्या पँटेनॉसची पुस्तकं आता कुठेत?"

"एकही सापडलं नाही."

"एकही नाही? मग सापडलं काय?"

जगन्नाथरावांनी भाषणाचा कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"पाटी," ते म्हणाले.

या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनी दुसऱ्या कागदाला हात लावला, तो बाहेर काढलाच नाही, आणि खाली बसले.

जेवणं झाली. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे अहिल्या उरलेलं अन्न पिशव्यांत भरू लागली. रिकाम्या हाताने कोणी घरी जायचं नाही, नको नको म्हणणाऱ्याच्या हातातही भात कोंबायचा. जगन्नाथराव थोडा वेळ ते बघत राहिले. मग कमिटीला नमुना दाखवायला आणलेली पुस्तकांची दोन खोकी त्यांनी गाडीतून काढली आणि मसालेभाताच्या शेजारी ठेवली.

"हीपण वाटून टाक," ते अहिल्याला म्हणाले. "बाकीची घरी आहेत. शनिवारी सगळ्यांना पाठव."

"घरी न्यायची? काका, नक्की? परत कधी द्यायची?"

'पंधरा दिवसांत' त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण ते म्हणाले, "वाचून झालं की पुढच्याला द्यायची."

यतीनची कादंबरी त्यांनी स्वतः शोधून दिली. पान एकशे बारावर त्याने खूण म्हणून ठेवलेली किराण्याची पावती अजून तशीच होती. दर वर्षी पुस्तकं झटकताना ती जगन्नाथरावांना दिसायची आणि ते परत तिथेच ठेवायचे.

"काका..." म्हणत यतीनने पुस्तक तिथेच उघडलं.

पार्किंगमध्ये रुचा काचेवरचं बर्फ खरवडत होती. "अहो वाचक! मदत करा जरा!" यतीन पुढच्या सीटवर पुस्तक उघडून बसला होता. जगन्नाथराव शेजारून जाताना त्याने काच खाली केली.

"तो माळीच ना, काका?"

जगन्नाथरावांना खुनी पाठ होता. ते हसले, सांगणार नाही अशी मान हलवली आणि बर्फात जपून पावलं टाकत रिकाम्या गाडीकडे गेले.