भावजींचे अठ्ठावीस वॅट

माझे भावजी पंचेचाळिसाव्या वर्षी सायकलवर बसले आणि तेव्हापासून जमिनीवर उतरायला तयार नाहीत. पूर्वी घरी आले की पाणी मागायचे. आता पाण्याच्या आधी आकडा सांगतात. "आज दोनशे वॅट!" पेडलवर पाय किती जोर लावतो त्याचं हे माप. सायकलला मीटर लावला की हँडलवरच्या पडद्यावर दिसतं. मी त्यांना मनातल्या मनात वॅटराव म्हणते, ताईसमोर भावजी.

सायकल दुरुस्तीचं दुकान माझं, अक्कल मात्र तेच पाजळणार. दीड महिन्यापूर्वी त्यांनी कच्च्या वाटांसाठी जाड टायरची ग्रॅव्हल सायकल घेतली. मीटर मीच बसवला. आधीच्या, रोडच्या सायकलवर दोनशे दाखवणारे वॅटराव हिच्यावर एकशे बहात्तरच दाखवू लागले आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर.

"तू मीटर नीट बसवलाच नाहीस. अठ्ठावीस वॅट खाल्लेस माझे."

जसे काही मी ते चहात बुडवून खाल्ले.

त्यांच्या क्लबच्या साठेक सायकली माझ्याकडेच येतात, दुकान त्यावरच चालतं, आणि क्लबचे सचिव हेच. रविवारच्या बैठकीत सगळ्या सायकली दुसऱ्या दुकानात न्यायचा ठराव ते मांडणार होते. ग्रुपवर लिहूनही मोकळे झाले, 'घरातल्या माणसाला काम दिलं, हीच चूक झाली.' बारा वर्षांत कमावलेलं नाव या माणसाने नुसत्या अंगठ्याने पुसायला घेतलं होतं.

शनिवारी दुपारी मी दोघांना दुकानात बोलावलं. ताईला मुद्दाम, पाणउतारा बघायला कुणीतरी घरचं हवंच.

रोडच्या सायकलची पेडलं काढून ग्रॅव्हलला लावली. रोडच्या सायकलचा मीटर त्या पेडलांतच आहे, आणि तो दोन्ही पाय वेगवेगळे मोजतो. ग्रॅव्हलचा मीटर डाव्या पेडलच्या दांड्यात. तो फक्त डावा पाय मोजतो आणि दुप्पट करून सांगतो. उजवाही तेवढंच काम करत असेल असं धरून चालतो, भोळा बिचारा. बसवतानाच मी हे सांगितलं होतं, पण तेव्हा वॅटराव सायकलच्या रंगाला जुळणारे मोजे शोधत होते.

सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर चढवली. तिच्यावर वॅटराव चढले. दहा मिनिटं घाम गाळला, तोंडाचा पट्टा चालूच. शेवटी दोन पडदे शेजारी ठेवले. ग्रॅव्हलचा मीटर एकशे बहात्तर, पेडलं दोनशे. पाय तेच, वेळ तीच.

"बघ!" ते ओरडले.

"थांबा. पेडलं काय म्हणतात ते पायागणिक बघू. डावा शहाऐंशी, उजवा एकशे चौदा. शहाऐंशी दुणे किती, भावजी?"

ताई म्हणाली, "एकशे बहात्तर."

"मीटर बरोबर आहे. तुमचा डावा पाय कामचुकार आहे. उद्या त्याच्यावर ठराव मांडा."

पंक्चर काढायला आलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मला मजा आली, खोटं कशाला बोलू? पण एवढ्यावर माझं पोट भरेना. रोडच्या सायकलच्या जुन्या नोंदी मी कॉम्प्युटरवर उघडल्या. दर सर्व्हिसिंगला मीच त्या उतरवून घ्यायचे आणि न बघता बंद करायचे. वॅटरावांचे आकडे कोण बघत बसणार?

"हा कामचुकारपणा जुनाच निघणार. ऐका. जानेवारीत डावा पाय पन्नास टक्के. एप्रिलमध्ये अठ्ठेचाळीस. जूनमध्ये शेहेचाळीस." नापासांची यादी वाचावी तशी मी मोठ्याने वाचत होते. "आज त्रेचाळीस," हे मात्र माझ्या तोंडून जेमतेम बाहेर पडलं. एकूण दरवेळी दोनशेच. उजवा पाय गुपचूप भरपाई करत होता.

गिऱ्हाइकं अजून हसत होती. ताई हसत नव्हती.

"जिना चढताना यांची डावी चप्पल निसटते," ती म्हणाली. "मला वाटलं, सैल झाली असेल. नवी आणली. तीही निसटते."

भावजींनी खाली पाहिलं. आम्हीही. त्या तंग कपड्यांत दोन्ही पोटऱ्या स्पष्ट दिसत होत्या, आणि डावी बारीक होती. दीड महिना हा माणूस माझ्यासमोर याच कपड्यांत मिरवत होता आणि मी फक्त नाक मुरडत होते. मला स्वतःचीच शिसारी आली.

"एखादा मीटर चुकत असेल ना?" त्यांनी हळूच विचारलं. "तू नीट बसवला नसशील."

"हो, भावजी," मी म्हटलं. "माझंच चुकलं असेल. मी परत बसवते. तोवर तुम्ही आणि ताई डॉक्टरांकडे जाऊन या. आत्ताच."

"मी म्हणत नव्हतो?" ते ताईला म्हणाले.

त्यांचंच बरोबर निघावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.