कॅरेटवरची जागा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या मळ्यातला गोरक्ष मोटारसायकलवर मळ्यात आला आणि गाडी स्टँडला न लावता तशीच आडवी टाकून धावत सुटला. लहानू झेंडूचा दुसरा तोडा करत होता.

"टेम्पो उलटला, आबा. ओझरच्या अलीकडं. टायर फुटलं."

"अन् कला?"

गोरक्षने त्याच्या हातातली फुलांची पाटी काढून घेतली.

दसऱ्याला टेम्पो शिगोशीग भरला की फुलांच्या प्लास्टिक कॅरेटवर ओलं गोणपाट टाकायचं आणि त्यावर घरातलं सगळ्यात हलकं माणूस बसवायचं. गोणपाट उडत नाही, फुलंही दबत नाहीत. पिंपळगावपासून नाशिकपर्यंत सगळ्या मळ्यांची हीच रीत. त्या दिवशी ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. लहानूची बायको कलाबाई पुढं बसायला निघाली होती. लहानूनेच तिला मागं चढवलं.

सरकारी दवाखान्यात त्याने तिला ओळखलं. केसांत पाकळ्या तशाच होत्या.

दहाव्याला लेक मंजुषा रडत म्हणाली, "पुढं जागा होती ना, आई? पण तुझं हट्टीपण!" बायकांनी माना डोलावल्या. ड्रायव्हरही गेला होता, तेव्हा सकाळचं बोलणं ऐकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.  लहानू गप्प राहिला म्हणून लेकीने तेच खरं धरलं.

पुढं दीड वर्ष त्याला धड झोप नव्हती. कुठं टायर फुटलं की तो खाली बसायचा. त्याने झेंडू उपटून मेथी लावली. शेवटी मंजुषाने, ती नाशकात शाळेत शिकवायची, त्याला गंगापूर रोडला मनाचे उपचार करणाऱ्या तृप्तीमॅडमकडं नेलं. ती स्वतः बाहेर बाकावर बसली.

"ती सकाळ तुमच्या डोक्यात अजून चालूच आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "आठवण पुसायची नाही. ती होऊन गेली, हे डोक्याला कळू द्यायचं. सगळ्यात वाईट चित्र समोर धरा आणि नजर माझ्या बोटांवर ठेवा. मान हलवू नका."

दोन बोटं डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं.

"बैल हाकल्यावाणी करताय," लहानू म्हणाला.

"मग तुम्हीच हाका. थांबायचं असेल तर हात वर करा."

पहिल्या फेरीत दवाखाना जसाच्या तसा आला.  बोटं थांबली. "काय आलं?" त्याने सांगितलं. "त्याच्याबरोबर जा." तिसऱ्या फेरीनंतर स्ट्रेचर लांब गेलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. पाचव्या फेरीत दवाखाना नव्हताच. टेम्पोच्या चाकावर पाय ठेवून कला उभी होती.

"पुढं बसते की हो."

"मग गोणपाट कोण धरंल? मागं चढ."

"मला काय फुलापरीस हलकी समजता व्हय?" असं म्हणून ती हसली आणि चढली.

लहानूने हात वर केला.  मग म्हणाला, "ती हट्टी नव्हती, बाई. मीच बसवली तिला."

मॅडमनी मान डोलावली. "तेच धरा. बोटांकडे बघा."

आणखी चार फेऱ्या झाल्या. तो रडला, घाम आला, मग अंग सैल पडलं. "टायर फुटंल हे मला ठाव नव्हतं," तो शेवटी म्हणाला. हे त्याने आधी कधीच म्हटलं नव्हतं. सुरुवातीला दहापैकी दहा सांगितलेला त्रास आता तीनवर होता.

"हे तीन कशाचे?" मॅडमनी विचारलं.

त्याने दाराकडं बघितलं. बाहेर मंजुषा होती.

"ते बोटांनी जाणार नाही, काका."

"ठाव हे."

सहा वेळा जाऊन आल्यावर त्याला झोप लागू लागली. टायर फुटलं तरी तो उभा राहायचा. दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला मंजुषा फोटोसमोर बसून परत तेच म्हणाली, "हट्टी होती, म्हणून गेली." लहानूने तोंड उघडलं आणि तिला पाणी आणायला सांगितलं.

मंजुषाला त्याने अजून सांगितलेलं नाही.